न गेलेला मेल

माझ्या सासऱ्यांचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. ते थांबलं तर मला ऑफिसात कळावं म्हणून त्यांच्या उशाशी मी एक छोटा लिनक्स संगणक बसवला. यंत्र बंद पडलं की मला मेल. मेल नाही, म्हणजे सगळं ठीक.

मेल बाहेर धाडायला कुठला प्रोग्रॅम घ्यावा, यावर मी बरंच डोकं खपवलं. मोठा मेल सर्व्हर म्हणजे एका पत्रासाठी अख्खं पोस्ट ऑफिस थाटणं, शिवाय बाहेरच्या भामट्यांना दार उघडं. मी सगळ्यात छोटा निवडला. बाहेरून तो काहीच आत घेत नाही, समोरच्या सर्व्हरची ओळख पटल्याशिवाय पासवर्ड देत नाही, आणि वाटेत मेल कुणाला वाचता येत नाही. फक्त, मेल गेला नाही तर तो जपून ठेवत नाही, पुन्हा पाठवतही नाही. हे मी वाचलं होतं. नवरा म्हणाला, "साधं तेच बरं." त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या मनातलं बोलला म्हणून मी त्याला शहाणा ठरवलं.

सासऱ्यांना बजावलं, "बाबा, यंत्र थांबलं तर कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर लावायला उठू नका, पडाल. मला मेल येईल, मी पोचते."

आज दुपारी आमच्याच गल्लीत राहणारी सहकारीण म्हणाली, "आपल्याकडची वीज कधीची गेलीये गं."

मी फोन पाहिला. मेल नव्हता. संगणकाला मी बॅटरी दिली होती. राउटरला दिली नव्हती. विजेबरोबर इंटरनेटही गेलं, मेल बाहेर पडणार कसा?

सासरे फोन उचलेनात. टॅक्सीत मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं, आता उशीर झाला. देवाला काय काय कबूल केलं ते आठवतही नाही.

लिफ्ट बंद. जिना चढून दार उघडलं तर ते खुर्चीत बसलेले, ओठ निळे, नजर संगणकाच्या हिरव्या दिव्यावर. सिलिंडरची नळी लावताना ती माझ्या हातून दोनदा सुटली.

ओठांवर रंग परतल्यावर ते बोलले. "फोन वाजत होता. उचलायला दम नव्हता. पण दिवा चालू होता ना, म्हटलं मेल गेलाय, तू निघालीच असशील. म्हणून हललो नाही."

"मेल आलाच नाही, बाबा."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

वीज आली. यंत्र घरघरू लागलं, राउटरचे दिवे लागले. माझा फोन मुकाच होता. तो मेल आता कधीच येणार नव्हता.

आजवर कधी काही न मागितलेले सासरे हळूच म्हणाले, "उद्या ऑफिसला जाऊ नकोस."