मीरबाज काकांचा फोन

गर्देझजवळच्या परदेशी सैन्याच्या छावणीत मी चार वर्षं दुभाष्या होतो. कानाला यंत्र लावून बसायचं, डोंगरातल्या लोकांचे फोन ऐकायचे आणि ते साहेबाला त्याच्या भाषेत सांगायचे, एवढंच माझं काम.

त्या वर्षी बर्फ वितळलं तेव्हा भिंतीवर एक मोठा कागद लागला. एक ठिपका म्हणजे एक फोन, एक रेघ म्हणजे एक बोलणं. मधोमध लाल ठिपका होता. अकरा तालिबांच्या रेघा त्या एकाच ठिपक्यात जाऊन मिळत होत्या.

"हाच त्यांचा म्होरक्या," डोनोव्हन साहेब म्हणाला. "नाव कळत नाही. ऐक जरा, नासिम."

मी ऐकलं. दमदार, थोडा घोगरा आवाज. 'हलवू नका त्याला. दोन फळ्या घट्ट बांधा आणि दिवसाउजेडी माझ्याकडे आणा.'

मला हसूच आलं. "साहेब, हे आमचे मीरबाज काका. गावचे हाडवैद्य. माझं कोपर त्यांनीच बसवलंय."

"तालिबांची हाडं बसवतो?"

"कुणाचीही. मागच्या महिन्यात तुमच्या फाटकावरच्या शिपायाचा खुबा बसवला त्यांनी."

साहेब हसला नाही. "म्हणजे आपल्या फाटकापर्यंत पोचलाय," असं म्हणून त्यानं ते लिहून घेतलं. 'फळ्या' या शब्दाखालीही त्यानं रेघ मारली. रस्त्यात पुरायच्या सुरुंगांना फळ्या लागतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. मी पुन्हा समजावलं. तो मान हलवत राहिला, पण कागदावरचा शब्द बदलला नाही.

शुक्रवारी सुट्टी होती. खांदा दुखतोय असं सांगत मी काकांकडे गेलो. ते ओसरीवर तुतीच्या लाकडाच्या पट्ट्या तासत बसले होते. आत त्यांची विधवा मुलगी पलवशा हाडावरच्या लेपासाठी पिठात अंडी फेटत होती. बायकांची हाडं तीच बसवायची.

"खांदा दुखतो म्हणतोस आणि त्याच हातानं दार ढकललंस," काका म्हणाले. "खरं काय ते बोल."

"काका, फोन विहिरीत टाका."

"का रे?"

"विचारू नका."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. वर आभाळात ड्रोनची घरघर चालू होती. चार दिवस झाले, ती आमच्या गावावरून हलली नव्हती. कोंबड्यासुद्धा अंगणात येईनाशा झाल्या होत्या.

"तालिब म्हणतात, पोलिसांना हात लावलास तर हात तोडू. पोलीस म्हणतात, तालिबांना लावलास तर कोंडू. आता तुझे साहेबही का?"

"मी सांगितलं त्यांना, तुम्ही कोण ते."

"मग?"

"लिहून घेतलं."

काकांनी फोन बंद करून फडताळात ठेवला. जाताना त्यांनी माझा खांदा खरंच दाबून पाहिला. "हाडात काही नाही," म्हणाले.

सोमवारी साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "लाल फोन शुक्रवारपासून मुका झालाय. निरपराध माणूस फोन कशाला बंद करेल? त्याला कुणीतरी खबर दिली असणार."

'मीच दिली, तो म्हातारा तुम्हाला घाबरला,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण छावणीत पकडून नेलेल्यांचं काय होतं ते मी भाषांतर करता करता ऐकलं होतं. मी समोरच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलो.

बुधवारी दुपारी फोन पुन्हा लागला. एक बाई हुंदके देत होती. तिचा जावई ट्रॅक्टरखाली सापडला होता. काकांना फोन बंद ठेवणं पाच दिवसांहून जास्त जमलं नाही.

'रडू नकोस. त्याला उचलूही नकोस. मीच येतो,' ते म्हणाले.

"साहेब," मी ओरडलो, "ट्रॅक्टरचा अपघात झालाय, जखमी माणसाला बघायला—"

"भाषांतर नंतर," साहेब दुसऱ्या फोनवर बोलत म्हणाला.

ड्रोनचं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर एक पांढरी गाडी नदीकाठच्या रस्त्यानं चालली होती. काकांचा पुतण्या चालवत असणार, त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती. पडदा क्षणभर पांढराफेक झाला. मग रस्ता दिसला, त्यावर धूर दिसला. गाडी नव्हती.

त्या दिवशी जेवणात सगळ्यांना गोड मिळालं. तालिबांचा मोठा माणूस मारला, अशी बातमी वर गेली. मी ताट तसंच सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेलो. हे मला लपवायचं नाही.

सुरुंग थांबले नाहीत. तीन आठवड्यांत भिंतीवरच्या रेघा दुसऱ्या एका ठिपक्याभोवती गोळा व्हायला लागल्या.

"जागा भरली त्यांनी," साहेब म्हणाला. "आता बाईच्या आवाजाआड लपतात. ऐक."

पलवशा कुणाला तरी विचारत होती, बोटं हलतात का, गार पडलीत का.

मी यंत्र काढलं, गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि फाटकातून बाहेर पडलो. तडक तिच्या घरी गेलो. ती पडद्याआड बसली. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. फळ्यांचं, फाटकाचं, सोमवारी गप्प राहिलो तेही.



"त्या दिवशी तू ऐकत होतास?"

"हो."

"बाबा शेवटचं काय बोलले?"

"'मीच येतो' म्हणाले."

पडद्याआड तिचा फोन वाजायला लागला. वाजतच राहिला.

"बंद केला तर चोर, घेतला तर म्होरक्या," ती म्हणाली. "काय करू, दादा? तू तर त्यांच्यात राहिलायस."

तिनं फोन घेतला. पलीकडे कुणाचा तरी म्हातारा बाप छपरावरून पडला होता.

"आणा त्यांना," पलवशा म्हणाली. मग थांबली. वरची घरघर आम्ही दोघंही ऐकत होतो. "गाडीनं नको. गाढवावरून आणा."