ताकदीची गोळी

धाकट्या बहिणीने मूत्रपिंड दिलं त्याला पाच महिने झाले होते, आणि तेव्हापासून घड्याळजी तिच्याशी खोटं बोलत होते. खोटं एका गोळीपुरतंच होतं. बाकीच्या गोळ्या शरीराने नव्या मूत्रपिंडाशी भांडू नये म्हणून, हे तिला ठाऊक होतं. ही गोळी मात्र मूत्रपिंडाबरोबर आलेल्या विषाणूसाठी होती. बहिणीच्या अंगात तो लहानपणापासून निवांत झोपलेला. घड्याळजींना त्याची ओळखच नव्हती, आणि आता त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली. तो जागा झाला तर मूत्रपिंडासकट तेही गोत्यात. म्हणून सहा महिने रोज गोळी. पण स्वतःचा अवयव काढून देणाऱ्या बाईला, तुझ्या देणगीत खोट निघाली, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ताकदीची आहे, असं त्यांनी सांगून टाकलं.

बहीण आठवडाभर राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की या गोळीनंतर दादा संडासाकडे धावतो. ही कसली ताकद, म्हणून तिने डबी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली.  खोटं सांभाळायचं तर गोळी सोडणं भाग होतं. घड्याळजींनी गोळी सोडली.

पुढच्या तीन संध्याकाळी दोघं जुन्या गोष्टी काढून बसली. बहीण लहानपणी गल्लीतल्या कुणाच्याही हातातला खाऊ चावायची, कुणाच्याही पेल्याला तोंड लावायची. दादा पेला तीनदा विसळून घ्यायचा. घरात सगळे त्याला 'साहेब' म्हणत. अर्धी चोखलेली बर्फाची कांडी घेऊन ती त्याच्यामागे जिनाभर धावली होती आणि साहेब गच्चीवर रडत बसले होते. आई दोघांनाही ओरडली, पण हसू दाबत. 

चौथ्या दिवशी तपासणीला बहीण सोबत गेली. तिथल्या नर्सबाई दर वेळी सोबत आणायला सांगितलेल्या डब्यांतल्या गोळ्या मोजत. फळीवरून काढून आणलेल्या डबीत तीन जास्त भरल्या.

"मीच बंद केल्या," बहीण अभिमानाने म्हणाली.

नर्सबाईंनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी चपलांकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. हा विषाणू थुंकीतून पसरतो, लहानपणी पुष्कळांना होतो, त्यात कुणाचा दोष नाही, अशी पुस्ती नर्सबाईंनी जोडली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तू मेला असतास तर मला बरं वाटलं असतं का, दादा?"

 रक्त घेतलं गेलं. रिक्षात बहीण बाहेर तोंड करून बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "जन्मभर माझं उष्टं चुकवलंस. शेवटी घेतलंस ते केवढं घेतलंस."

 पुढचे दोन दिवस जेवण झालं की ती गोळी पुढ्यात ठेवायची आणि गिळेपर्यंत उभी राहायची. तिसऱ्या दिवशी फोन आला. रक्तात विषाणू सापडला नव्हता, पण दर आठवड्याला पुन्हा तपासणार होते.

बहिणीने लगेच नवऱ्याला फोन लावला. गोळ्या संपेपर्यंत मी इथेच, तुम्ही आपलं आपण रांधून खा, एवढंच सांगितलं. घड्याळजींनी इतक्या दिवसांची काय गरज म्हणून तोंडदेखली कुरकुर केली, आणि उठून तिची गादी रोज गुंडाळावी लागू नये म्हणून आतल्या खोलीतली खुर्ची सरकवली.