केस कुणी केले?

मेकन गावात रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर बायका एकमेकींना दोनच प्रश्न विचारत. जेवायला काय केलंयस, आणि केस कुणी केले. पहिल्याचं उत्तर घरोघरी वेगळं असे. दुसऱ्याचं एकच असे. व्हर्नेलने.

एकेचाळीस वर्षं हेच उत्तर. व्हर्नेल टगलच्या दुकानातून बाई बाहेर पडली की तिचे केस इतके सरळ आणि तुळतुळीत असत की त्यांवर बसलेली माशी घसरावी. कुरळे केस सरळ करायचा तापवलेला लोखंडी कंगवा तिच्या हातात नुसता नाचायचा. तो कानाजवळ आला की बायका कान दुमडून, श्वास रोखून बसायच्या. पण इतक्या वर्षांत तिने कुणाचा कान भाजला नव्हता. एकदा पाद्रीबाईंचा भाजला, पण त्या हलल्या होत्या, आणि हे व्हर्नेल विचारल्याशिवायही सांगायची.

तिच्या स्वतःच्या डोक्यावर केसांचा टोप असे. तांबूस, खांद्यापर्यंत रुळणारा. दुसऱ्यांचे करता करता माझ्या केसांना वेळ कुठून आणू, असं ती म्हणे. टोपाखाली काय उरलंय, हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत असून कुणीच न बोलण्याच्या ज्या गोष्टी गावात असतात, त्यांतली ती एक.

तर या व्हर्नेलला गेले नऊ महिने एक दुःख खात होतं. त्या दुःखाचं नाव ओझेला पिंक्स्टन.

ओझेला तिचं पहिलं गिऱ्हाईक आणि सगळ्यात जुनी मैत्रीण. एक शनिवार सोडून एक शनिवार, सकाळी दहाला, खिडकीजवळच्या खुर्चीत. मध्यंतरी ओझेलाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती आली नाही, ते व्हर्नेलला समजलं. ती स्वतः तिच्या घरी जेवणाचे डबे पोचवून आली होती, आणि त्या वेळी ओझेलाने डोक्याला गच्च रुमाल बांधला होता. पण पुढे खांदा बराचसा सुधारला. ओझेला स्वतः गाडी चालवायला लागली, बाजारात दिसायला लागली, मोठी हॅट घालून चर्चला यायला लागली. दुकानाकडे मात्र फिरकली नाही. हायवेजवळ एका पोरीने नवीन दुकान काढलं होतं, तेव्हा व्हर्नेलने काय समजायचं ते समजून घेतलं. मेकनमध्ये बाईने नवरा बदलला तर लोक दोन महिन्यांत विसरतात, केस करणारी बदलली तर मरेपर्यंत बोलतात. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं व्हर्नेल कंगव्याला म्हणाली. कारण दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटत होती.

आणि एका शनिवारी संध्याकाळी, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, ओझेला हॅटसकट दारात उभी राहिली.

"हायवेवालीच ना?" व्हर्नेलने विचारलं. ये नाही, बस नाही. "अगं, कालपर्यंत शाळेत जात होती ती पोर!"

"कुणाबद्दल बोलतेस?" ओझेला म्हणाली, आणि तिने हॅट काढली.

पांढरेशुभ्र केस. दाट, घट्ट कुरळे, चहूबाजूंनी उभे, नऊ महिने हॅटखाली दबून आता सुटलेले. व्हर्नेलचा हात आपोआप कंगवा तापवायच्या शेगडीकडे गेला. आग दिसली की माणूस बादलीकडे धावतं, तसा.

"हात मागे घे. तापवायचं काही नाही."

"देवा रे! हे काय झालं गं तुला?"

"काही झालं नाही. उगवले." ओझेला खुर्चीत टेकली. "हात वर जात नव्हता म्हणून काही केलंच नाही. मग एक दिवस डोकं खाजवायला हात घातला, तर मऊ लागलं. व्हर्नेल, मला माहीतच नव्हतं! मी आठ वर्षांची असताना ईस्टरला आईने पहिल्यांदा कंगवा तापवला. त्यानंतर मी माझे केस पाहिलेच नाहीत. सहासष्ट वर्षं! नवऱ्याला दोनदा हाकलून दोनदा घरात घेतलं मी, पण या बिचाऱ्यांना एकदाही दारात उभं केलं नाही."

"मग हॅट कशाला घालत होतीस?"

"तुझ्या भीतीने."

व्हर्नेलने शेगडीकडे गेलेला हात आता मागे घेतला.

"उद्या मला चर्चची थोरली माता म्हणून मान देताहेत," ओझेला म्हणाली. "सगळं गाव बघणार. हॅट घालायची नाही असं मी ठरवलंय. पण मागे माझा हात पोचत नाही, आणि हे माझ्याने आवरत नाहीत. तूच कर."

आता खरी पंचाईत झाली. भिंतीवर व्हर्नेलचं सर्टिफिकेट चौकटीत टांगलेलं होतं. ज्या परीक्षेत ती पहिली आली, त्या परीक्षेच्या पुस्तकात असे केस फक्त 'आधी'च्या फोटोत असायचे. 'नंतर'च्या फोटोतले केस करायला तिला शिकवलं होतं. पण येत नाही म्हणायचं, तेही आपल्याच दुकानात, आपल्याच पहिल्या गिऱ्हाइकाला? त्यापेक्षा तिने दुकान विकलं असतं.

"त्यात काय," ती म्हणाली, आणि तिने ओझेलाचं डोकं नळाखाली धरलं.

ओले केस विंचरले तर खांद्याला टेकले. टोकं खालीवर होती. व्हर्नेलला हायसं वाटलं, हे तर ओळखीचं काम. तिने कात्री उचलली आणि दोन्ही बाजू फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ कापून टाकल्या. मग दोघी गोड चहा पीत, गावाची खबरबात घेत केस वाळायची वाट बघत बसल्या.

केस वाळू लागले तसे वर चढू लागले. खांदा सोडला, मान सोडली. उजवी बाजू हनुवटीशी थांबली. डावीचे वळसे जास्त घट्ट असावेत, ती थांबेचना. ती कानाच्याही वर जाऊन बसली.

दोघी आरशात बघत राहिल्या.

"व्हर्नेल," ओझेला शांतपणे म्हणाली, "मी कुठे कलतेय का?"

व्हर्नेल मटकन खाली बसली. एकेचाळीस वर्षांत तिच्या दुकानातून कुणी वाकडं बाहेर पडलं नव्हतं. आणि उद्या पायऱ्यांवर तो प्रश्न येणार होता. तिला रडू आलं, खरंखुरं, नाक पुसायला लावणारं.

"शपथ घे," ती म्हणाली. "कुणीही विचारलं, काहीही झालं, तरी माझं नाव सांगणार नाहीस."

"अगं, पण..."

"आईच्या थडग्याची शपथ घे!"

ओझेलाने घेतली. मग म्हणाली, "झालं ना? आता सरळ कर मला. तुझ्या पुस्तकात नसेल. लहानपणी बहिणींचे केस कोण करायचं तुमच्याकडे?"

"मीच."

"कुठे बसून?"

व्हर्नेल उठली, पाय ठेवायचं बुटकं स्टूल ओढून तिने खुर्चीपुढे ठेवलं, खुर्चीत स्वतः बसली आणि ओझेलाला स्टूलवर बसवून तिचं डोकं आपल्या गुडघ्यांत धरलं. चार बहिणींची डोकी तिने अशीच धरली होती, व्हरांड्यात, दर शनिवारी. कंगव्याच्या टोकाने तिने पहिला भांग पाडला. मग बोटं चालायला लागली. डोक्याला चिकटून बारीक वेणी, तिच्या शेजारी दुसरी, उजवीकडचे लांब केस वळवून डावीकडे आणलेले, आखूड केस त्यांच्या आत गुंफलेले. मेंदूला काहीच आठवत नव्हतं, बोटांना सगळं आठवत होतं.

"डोकं हलवू नकोस," ती म्हणाली, आणि तो आवाज ऐकून स्वतःच दचकली. हुबेहूब तिच्या आईचा होता.

काम संपलं तेव्हा कपाळापासून मानेपर्यंत वळणं घेत गेलेल्या सोळा वेण्या मागे गोल बांधलेल्या होत्या, पांढऱ्या मुकुटासारख्या. ओझेला आरशात कितीतरी वेळ बघत राहिली. व्हर्नेलचा मात्र स्वतःचं नाव पुढे येऊ द्यायचा धीर झाला नाही. "शपथ लक्षात ठेव," एवढंच म्हणून तिने दिवा मालवला.

रविवारी ती चौथ्या ओळीत भजनाचं पुस्तक नाकापर्यंत धरून बसली. ओझेला पांढऱ्या पोशाखात, उघड्या डोक्याने मधल्या वाटेने चालत आली, आणि पंख्याने वारा घेणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. एवढ्या उन्हाळ्यात कुणाला वाऱ्याची शुद्ध नव्हती. मान ताठ, पावलं सावकाश. व्हर्नेलने पुस्तक हळूहळू खाली आणलं. ही बाई आपण चाळीस वर्षं बघतोय आणि आजच पाहतोय, असं तिला वाटलं, आणि छाती अभिमानाने इतकी भरली की झग्याच्या शिवणीची काळजी वाटली.

बाहेर पायऱ्यांवर गराडा पडला. पुढे अर्थातच क्लॉडीन. चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवायचं काम हिचं आणि लोकांना जागा दाखवायची हौसही हिचीच.

"सिस्टर ओझेला, केस कुणी केले?"

"सांगता येत नाही. शपथ आहे."

"अटलांटाहून बाई बोलावलीस वाटतं?"

"शपथ आहे म्हटलं ना."

"अटलांटाच," क्लॉडीनने सगळ्यांना सांगून टाकलं. "आपल्या गावात कुणाला जमणार हे? व्हर्नेलला तर बापजन्मी जमायचं नाही."

व्हर्नेल तीन पायऱ्या मागे होती. तोंड बंद ठेवायचं असं तिने ठरवलंही होतं.

"मी केले!" ती ओरडली. पार्किंगमधल्या पुरुषांनीही वळून पाहिलं. "मी! या हातांनी! सोळाच्या सोळा!"

क्लॉडीनने आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरच्या तांबूस टोपाकडे. "तुला एवढं येतं," ती म्हणाली, "तर हे कशाला घेऊन फिरतेस?"

वेळ कुठून आणू, हे नेहमीचं उत्तर व्हर्नेलच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. तिचा हात टोपाच्या कडेला गेला. टोपाखाली काय होतं ते तिलाही नीट माहीत नव्हतं. ती बघतच नसे.

ओझेला दोन पायऱ्या उतरून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सोमवारी तुझं दुकान बंद असतं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "दहा वाजता माझ्याकडे ये. खुर्चीवर मी, स्टूलवर तू. हात वर जात नसला तरी तुझ्या डोक्यापर्यंत पोचतो माझा. आणि क्लॉडीन, पुढच्या रविवारी केस कुणी केले, ते हिला विचार."

व्हर्नेलला पुन्हा रडू येत होतं. तिने ओझेलाचा दंड घट्ट धरला आणि तिच्या कानाशी वाकली.

"येते," ती म्हणाली. "फक्त ओले असताना कापू नकोस."