डागाचा जाणकार

आमच्या ह्यांची लॉन्ड्री आहे. शाई, तेल, गंज, कसलाही डाग आणा. संध्याकाळी कपडा कोरा. घरात मात्र तीस वर्षांत ह्यांनी स्वतःचा मोजासुद्धा धुतला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

म्हणून बाथरूमच्या दांडीवर रोज एक पांढराशुभ्र रुमाल वाळताना दिसू लागला, तेव्हा मी ह्यांच्यावर नजर ठेवू लागले.

ह्यांच्या फुफ्फुसात रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता आहे. तो फुटला की खोकल्यातून रक्त येतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मांडीतून नळी घालून, बारीक तारेची वेटोळी बसवून त्या वाहिन्या बंद केल्या. पण एक बंद केली की शेजारची फुगते. "पुन्हा रक्त आलं तर लगेच या, आणि रुमाल न धुता आणा," असं त्यांनी बजावलं होतं. न धुता! ह्यांना ते ऐकूनच कसंतरी झालं होतं.

एका सकाळी बाथरूममध्ये बादली सापडली. गार पाणी, मीठ, आत रुमाल. पाणी गुलाबी.

"शाई सांडली," हे म्हणाले.

"लाल शाई? शाळा काढलीत की काय?"

एका हातात बादली, दुसऱ्या हातात ह्यांचं मनगट धरून मी हॉस्पिटल गाठलं. बसमध्ये लोकांनी आम्हाला ऐसपैस जागा दिली.

"थेंबभर आलं हो," हे डॉक्टरीणबाईंना सांगू लागले. "हिला राईचा पर्वत करायची सवयच आहे."

बाई बादलीत डोकावल्या. "दोनेक चमचे असेल. आज तपासण्या करू, उद्या ठरवू."

"दोन चमचे?" ह्यांचा आवाज चढला. "अहो बाई, मिठाच्या पाण्यात तीन तास भिजूनही हा रंग? निदान अर्धी वाटी आहे! आणि परवाचा रुमाल तर..."

ह्यांनी जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"किती दिवस चाललंय?" बाईंनी विचारलं.

"बारा," हे माझी नजर चुकवत म्हणाले.

तासाभरात ह्यांना पुन्हा नळी घालायला आत नेलं. मी बाहेर बादली मांडीवर घेऊन रडले. बायकोच्या काळजीला जे जमलं नाही, ते ह्यांच्या धंद्याच्या तोऱ्याने केलं.

"आता थांबलंय," बाहेर येऊन बाई म्हणाल्या. "पुन्हा येणार नाही, असं मात्र मी सांगू शकत नाही."

तेव्हापासून मी रोज ह्यांचा खिसा तपासते. रुमाल मळका, घामट निघाला की चार घास सुखाने जातात.

काल निघाला तो पांढराशुभ्र, अजून ओलसर. मी बादली आणायला वळले. येऊन बघते तर हे चपला घालून, हॉस्पिटलची फाइल काखेत मारून दारात उभे.