तामरेचं औषध

आमच्या घरी कमळ आलं ते सुनेच्या मागोमाग, ओल्या पोत्यात गुंडाळून, बेल्लमपल्लीच्या बसमधून. सुनेचं नाव पद्मजा. नावच असं म्हटल्यावर ती काय वांग्याची रोपं आणणार होती? वांगी तर माझ्याकडेच ढीगभर. आमच्या बाजारहत्नूर गावात चंपतरावाची वांगी म्हणा, कोणीही माझा मळा दाखवेल.

तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते. रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. आई वारून चार वर्षं झाली होती, पण तिनं परसात लावलेलं कमळ जिवंत होतं. भांडीकुंडी बहिणीनं नेली, कमळ पद्मजानं. आमच्या अंगणात बैलांच्या पाण्याचं सिमेंटचं टाकं आहे. बैल विकल्यापासून ते कोरडंच पडलं होतं. त्यात तिनं तळ्याचा गाळ भरला, कंद लावला, डास नकोत म्हणून गप्पी मासे सोडले, आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथंच बसू लागली.

तिचं फोनवरचं एक बोलणं मात्र मला खटकायचं. बेल्लमपल्लीच्या त्या क्वार्टरला आता दुसऱ्याचं कुलूप, तरी ती त्याला 'मा इल्लु' म्हणायची, म्हणजे 'आमचं घर'. आणि आमच्या घराला नुसतं 'इक्कड', 'इथं'. दीड वर्ष झालं तरी इथंच. पण लग्नात तेलुगू सून नको म्हणून मीच तोंड फुगवून बसलो होतो. आता कोणत्या तोंडानं विचारणार?

यंदा उन्हाळ्यात वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती पंधरा दिवस बहिणीकडे निघाली. कमळाची पानं तेव्हा पिवळी पडत होती. निघताना म्हणाली, "मामय्या, तामरेले मंदु पायजे. पण मी आल्यावर देते. तुमी काई टाकू नका."

मामय्या म्हणजे सासरा, आणि तामर म्हणजे त्यांच्या तेलुगूत कमळ. आणि मंदु म्हणजे औषध, खत, फवारणी सगळंच, आणि संध्याकाळी विचारलं तर दारूसुद्धा. आता चाळीस वर्षं पिकं जगवलेल्या माणसाच्या अंगणात एक रोप उपाशी, आणि त्यानं हात बांधून बघत बसायचं? मी चौथ्या दिवशी इच्चोड्याला गेलो. 'मंदुल' अशी पाटी दिसली त्या दुकानात शिरलो आणि झोकात तेलुगूत म्हणालो, "तामरेसाठी मंदु द्या."

दुकानदारानं विचारलं, किती दिवसांपासून आहे? म्हटलं, दीड वर्ष. पसरतंय का? म्हटलं, पसरतंय, पण जोर नाही. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, एक छोटा खोका हातावर ठेवला आणि सांगितलं, दिवसातून दोनदा लावा, जागा कोरडी ठेवा.

कमळ कोरडं ठेवा! मी बसमध्ये रस्ताभर त्याची अक्कल काढली. घरी माझ्या बायकोनं, भागाबाईनं, खोका उघडला आणि ती मटकन खालीच बसली, हसून हसून. "अवो, ही तं गजकर्णाची ट्यूब व्हय! मागच्या पावसाळ्यात म्या मानेले हेच लावलं होतं."

गजकर्णालाही तेलुगूत तामरच म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भागाबाईनं ते दुपारपर्यंत अख्ख्या आळीला सांगितलं. मी चिडलो. मिरचीसाठी ठेवलेल्या डीएपी खताच्या दोन मुठी उचलल्या आणि टाक्यात फेकल्या. वर म्हटलं, "खा आता!"

त्यानंतर पाचव्या दिवशी पाणी चटणीसारखं हिरवं झालं. मासे उलटे तरंगत होते. पानांच्या कडा करपल्या होत्या आणि देठ मऊ पडले होते. भागाबाई या वेळी हसली नाही. "अति तिथं माती," एवढंच म्हणाली.

मी टाकं उपसलं आणि गुडघ्यावर बसून गाळात हात घातला. कंद हाताला लागला तो शिजलेल्या अळूच्या गड्ड्यासारखा सुटून आला. विहिणीला मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं जगात हे एवढंच जिवंत उरलं होतं, पोरीनं ते माझ्या भरवशावर ठेवलं होतं, आणि ते मी कुजवलं. चाचपत चाचपत शेवटी एक वीतभर कांडं टणक लागलं, टोकाला कोंब असलेलं. टाकं घासून धुतलं, नवा गाळ आणला, ते कांडं तान्ह्या पोरासारखं आडवं निजवलं. त्यानंतर मी त्याला पाण्याशिवाय काही दिलं नाही. देवाला मात्र बरंच काही बोललो.

पद्मजा आली तेव्हा तिची पिशवी खाली टेकायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. ती टाक्यापाशी गेली. पाण्यावर रुपयाएवढी दोन पानं होती. तिनं एक पान बोटावर हलकेच उचलून पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"पोरी, चुकलं माझं," मी म्हणालो. "शिव्या दे, पण बोल."

"आणि ट्यूब दाखवा ना तिले," भागाबाई मागून म्हणाली.

"कायची ट्यूब?"

आता ती अब्रूही गेली. पद्मजानं खोका वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली, टाक्याच्या काठाला धरून. भागाबाईनं तिला जवळ घेतलं. जरा वेळानं ती डोळे पुसत म्हणाली, "नान्नाले खाणीतल्या घामानं कमरेले तामर व्हायची. अम्मा मनायची, मा इंट्लो रेंडु तामरलु. आमच्या घरात दोन तामरी, एक टाक्यात, एक तुमच्या नान्नाच्या कमरेले."

आईविषयी ती आमच्या घरात पहिल्यांदा बोलली. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला, पण तिची अम्मा आम्हाला बरीच कळली.

महिन्याभरात तीन पानं पाण्याच्या वर उभी राहिली. मग तिनं मला बोलावलं. चिमूटभर डीएपी पेपरच्या तुकड्यात बांधून तिनं इवलीशी पुडी केली. "पाण्याले नाई चारायचं, मामय्या. पाण्याले चारलं का शेवाळ खाते. मुळाजवळ चारायचं, कोंबापासून दूर. अम्मा अंगठ्यानं दाबायची. तुमी दाबा."

"मी?" मी म्हणालो. "पुन्हा मीच?"

"तुमीच."

मी कोपरापर्यंत हात घातला आणि पुडी गाळात दाबली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वडील होते. फोन तिनं स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. अम्माची तामर कशी आहे, असं त्यांनी विचारलं. मी पुडी गाळात अजून एकदा दाबली.

पद्मजा माझ्याकडे बघून हसली. "मा इंट्लो रेंडु तामरलु उन्नायि, नान्ना," ती म्हणाली. एक टाक्यात, आणि एक मामय्याच्या फळीवर, खोक्यात.

पलीकडे म्हातारा खो खो हसला, भागाबाईही हसली. मला मात्र पहिले दोनच शब्द ऐकू आले होते. मा इंट्लो. आमच्या घरात.

डोळ्याला चिखलाचा हात लागला, असं मी भागाबाईला सांगितलं.