घोरपड नव्हे, इग्वाना

मी घोरपड नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आखातातल्या अल बर्शाच्या त्या फ्लॅटमध्ये माझी पाच वर्षं हेच ऐकण्यात गेली. मी गेंडा-इग्वाना बोलतोय. नाकावर शिंगांसारखी तीन टेंगळं आहेत, म्हणून हे नाव. आमचं कूळ कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावरचं. चुनखडीच्या कपारीत राहायचं, पाला, फुलं, फळं खायची. मी मात्र पिंजऱ्यातल्या अंड्यातून निघालो, बेट काही पाहिलं नाही.

रुपेशने लेकीच्या, रिद्धीच्या, सातव्या वाढदिवसाला मला आणलं तेव्हा मी जेमतेम वीतभर होतो. त्याची बायको शिवानी भोरची. तिने मला पाहताच घोरपड ठरवलं आणि घोरपडीला आवडतं म्हणून रोज उकडलेलं अंडं पुढे ठेवलं. मीही हावरट, खात गेलो. पाहुणे आले की सिंहगडाची गोष्ट निघायची आणि माझ्या कमरेला दोर बांधायची भाषा व्हायची. तिसऱ्या वर्षी माझे सांधे सुजले, पाय उचलवेना.

मला वाचवलं रिद्धीने. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने माझी सगळी माहिती काढली आणि सरड्यांच्या कुळाचं झाड रंगवलं. एका फांदीवर घोरपड, दुसरीवर इथल्या वाळवंटातला धब नावाचा सरडा, पार तिसऱ्या फांदीवर मी. अंडं बंद झालं, मेथी आणि जास्वंद सुरू झाली. कुणी घोरपड म्हटलं की ती लगेच अडवायची, "ही इज नॉट अ घोरपड. ही इज माय इग्वाना." त्या 'माय'वर मी विसंबलो.

मी चार फूट झालो. घर शारजाला हलायचं ठरलं आणि नव्या बिल्डिंगमध्ये प्राणी चालत नव्हते. खलास, म्हणाला रुपेश. एका रविवारी सकाळी गाडी वाळवंटाच्या कडेला थांबली. माझ्या खोक्याचं झाकण रिद्धीनेच उघडलं.

"गो," ती म्हणाली. "युअर रिलेटिव्ह्ज लिव्ह हिअर."

फांद्या जिने स्वतः रंगवल्या, ती हे म्हणाली. माझ्या डोक्यावर बारीकसा तिसरा डोळा आहे. त्याला चित्र दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते. तिची सावली माझ्यावरून सरकली, तेवढी त्याला कळली.

तिसऱ्या दिवशी उंटांची राखण करणाऱ्या यहयाला मी एका गाफच्या झाडाखाली सापडलो. त्याने मला या प्राण्यांच्या आश्रमात आणलं. तापलेल्या वाळूत भाजून दोन बोटं गेली, बाकी बरा आहे.

गेल्या महिन्यात एका शाळेची सहल आली. त्यात रिद्धी होती. मी ओळखून काचेपाशी गेलो. बाईंनी विचारलं, हा कोण, सांगेल कुणी? जय नावाचा मुलगा म्हणाला, "घोरपड."

मी रिद्धीकडे पाहत राहिलो. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली तरी वर बघेना. रांग पुढे गेली, तीही गेली.

तुम्ही कधी आलात तर मला माझ्या नावाने हाक मारा, एवढंच मागणं. अंडी खाऊ घालणाऱ्या शिवानीवर माझा राग नाही. तिला ठाऊक नव्हतं. रिद्धीला ठाऊक होतं.