नव्या लोखंडाला तेल

आपल्याला येत नाही असं आता जगात काही उरलंच नाही, असं शिवकांताला वाटायला लागलं होतं. नववीची परीक्षा संपल्यापासून ती वडिलांच्या, म्हणजे शेषेरावांच्या, हाताखाली गाडीची कामं शिकत होती आणि आज पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड ती बसवणार होती. स्वतः! एरवी गल्लीभर ओरडत फिरली असती. आज मात्र तोंड मिटून होती.

कारण गाडी नांदेडला जायची होती, कावेरीआत्याला आणायला. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते. आत्याचं एकच म्हणणं, "मला माझ्या मायपाशी न्या." शिवकांताची आई तिच्या उशाशी होती. इकडे उदगीरजवळच्या या गावात आत्याची माय, धुरपताआजी, कालपासून उंबऱ्यातून हलली नव्हती. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते वर्ष. गावातल्या बाकीच्या गाड्या पाण्याच्या टाक्या वाहत होत्या; माणसासाठी गाडी मागितली तर लोक नुसतं तोंडाकडं बघायचे. शेषेरावांच्या गाडीचे जुने पॅड पार झिजून पत्रा चाकाच्या डिस्कला घासत होता. तशा गाडीतून, उतारावरून, मरणाच्या दारातलं माणूस कसं आणायचं? नवे पॅड काल संध्याकाळी आले होते.

"आधी नट ढिले कर, मग जॅक लाव. मागच्या चाकांना दगड लावलेस का?"

"लावले की बाबा. मी काय लहान हाय?"

"न्हाई बाई, आमची मेस्त्रीण हाय."

चाक उतरलं. पॅड धरून ठेवणारं कॅलिपर सोडून तिनं ते तारेनं वर बांधलं, ब्रेकच्या नळीला ओढ बसू नये म्हणून. क्लॅम्प लावून पिस्टन हळूहळू आत दाबला. नवे पॅड खाचेत घालून हातानं मागंपुढं सरकवून बघितले. अडकत नव्हते, खडखडतही नव्हते. पॅडच्या पाठीवर कुंकवाचं बोट लागलेलं दिसलं. रात्री पॅडचा डबा देवापुढं होता, आजीचंच काम! शिवकांताला भरून आलं. दोन्ही चाकं झाली, पेडल कडक लागेपर्यंत तिनं दाबलं, चाक हातानं फिरवून बघितलं. मोकळं फिरलं.

"बसले झकास," ती म्हणाली.

"बसले, पण धरतात का ते बघू दे."

शेषेरावांनी गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू नेली आणि ब्रेक दाबला. पेडल कडक, गाडी मात्र सरकतच गेली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. शेवटी हँडब्रेकवर थांबवावी लागली. घरी येऊन त्यांनी चाक उतरवलं, पॅड काढून नाकाशी धरला.

"करडईचं तेल."

उंबऱ्यातून आजी म्हणाली, "मीच लावलं बाबा. नवं लोखंड कोरडं वापरू न्हाई. तुझा बाप नांगराचा फाळ तेल-कुंकवाबगर मातीत घालत न्हवता. चांगलं चोळून लावलं. लेक यायचीय माझी."

शेषेरावांनी पॅड घासले, पेट्रोलनं पुसले. तेल आत मुरलं होतं. जुने परत घालावेत तर त्यांत काही उरलं नव्हतं.

"काय झालं रं?" आजीनं विचारलं.

"काय न्हाई माय. मालच खराब निघाला. बदलून आणतो."

मोटरसायकल काढून ते गेले. उदगीरहून फोन आला. "या गाडीचे इथं न्हाईत. उदगीर जिल्हा करा, जिल्हा करा म्हणून बोंबलून राहिलेत, अन् एक पॅड मिळंना. लातूरला चाललो."

उन्हं कलायच्या आत आईचा फोन आला. "शिवे, बाबा निघाले का गं?" एवढंच ती बोलली. पुढं नुसतं रडणं.

आजीला सांगावं लागलंच नाही. ती पोरीच्या तोंडाकडं बघत होती. तिनं पदर तोंडाशी धरला. शिवकांता तिच्या गुडघ्याला चिकटून बसली.

"शिवे."

"अं?"

"माल खराब न्हवता ना? माझ्या तेलानं झालं का गं ते?"

शिवकांताला हजार उत्तरं यायची. वर्गात पहिला हात तिचाच. आता 'न्हाई' एवढंच म्हणायचं होतं, आणि आजीनं ते मानलंही असतं. पण आजी लहान पोर नव्हती. ती जाणून घ्यायलाच विचारत होती.

"हाव आजी," ती म्हणाली. "तेल लागल्यावर ते धरत न्हाईत. तुला कुणी सांगितलंच न्हवतं."

आजीनं मान हलवली, हलवतच राहिली. "सकाळीच गेली असती गाडी," ती म्हणाली. "भेट झाली असती."

शेषेराव दिवेलागणीला नवे पॅड घेऊन आले. आत्या गेल्याचा फोन त्यांना वाटेतच आला होता. आत्याला आणायचं तर होतंच. शिवकांतानं डिस्क पुसून काढल्या, पॅड बसवले, सरकवून बघितले. शेषेरावांनी गाडी रस्त्यावर नेली, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. 'बसले झकास' असं म्हणावंसं शिवकांताला या वेळी वाटलं नाही.

शेषेराव आईपुढं उकिडवे बसले. "माय, काय करू? त्या दुकानवाल्यानं मालच खराब दिला."

आजीनं शिवकांताकडं बघितलं. मग लेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाव बाबा," ती म्हणाली. "मालच खराब निघाला. तू काय करशील? चल, तिला घेऊन येऊ."